एक इमारत, तीन सभागृहे : न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलचे प्रकरण

न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरच्या चौकात कारंज्याकडे तोंड करून उभे राहिले, की समोर मेट्रोपॉलिटन ऑपेरा दिसतो, डावीकडे बॅलेचे नाट्यगृह आणि उजवीकडे न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे घर. ट्रॅव्हर्टाइन दगडाने मढवलेले निमुळते खांब आणि त्यांच्या आत काचेची भिंत, हा बाहेरचा साज १९६२ पासून तसाच आहे. आतले सभागृह मात्र दोनदा मुळापासून उखडून पुन्हा बांधले गेले. १९६२चे पहिले, १९७६चे दुसरे आणि २०२२चे तिसरे. नावेही तीन झाली, पण ती बांधकामाच्या टप्प्यांशी जुळत नाहीत : फिलहार्मोनिक हॉलचा १९७३ मध्ये एव्हरी फिशर हॉल झाला आणि २०१५ मध्ये डेव्हिड गेफेन हॉल. दोन्ही वेळा नाव देणगीबरोबर आले आणि पाडापाडी त्यानंतर झाली.

सभागृहाच्या ध्वनिशास्त्राविषयी बोलणारे लोक पहिल्या इमारतीकडे पुन्हा पुन्हा वळतात, कारण तिथे निष्काळजीपणा झाला नव्हता. सल्लागार नामांकित होते, तयारी त्या काळात कुणी केली नव्हती इतकी होती आणि हातात आकडे होते. तरीही सभागृह फसले.

जागा आणि काम

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची स्थापना १८४२ची. १८९०च्या दशकापासून हा वाद्यवृंद कार्नेगी हॉलमध्ये वाजत असे. १९५०च्या दशकात कार्नेगी हॉल पाडून तिथे कचेऱ्यांची उंच इमारत बांधायचे घाटत होते, म्हणून फिलहार्मोनिकने नव्या घराची तजवीज केली. १९६० मध्ये व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न यांच्या पुढाकाराने शहराने कार्नेगी हॉल विकत घेतला आणि तो वाचला. ज्या घराच्या पडण्याच्या भीतीने घर बदलले ते उभेच राहिले आणि नव्या सभागृहाची तुलना पुढची साठ वर्षे त्याच्याशीच होत राहिली.

लिंकन सेंटरची जागा म्हणजे सॅन हुआन हिल ही वस्ती. तिथे प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन कुटुंबे राहत. रॉबर्ट मोझेस यांच्या शहर-पुनर्रचनेच्या योजनेत ती वस्ती हटवली गेली. हजारो कुटुंबे विस्थापित झाली. मे १९५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते पायाभरणी झाली. संकुलातली पहिली पूर्ण झालेली इमारत ही फिलहार्मोनिकचीच. वास्तुरचनाकार मॅक्स अब्रामोविट्झ, ध्वनिसल्लागार लिओ बेरानेक आणि त्यांची संस्था बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन.

सिंफनी वाद्यवृंदाच्या सभागृहात ध्वनिवर्धक नसतो. मंचावरचे शंभरेक वादक आणि अडीच हजार श्रोते यांच्यामध्ये फक्त हवा, भिंती आणि छत असते. इथे भिंत हेच वाद्याचे खोड असते, असे म्हणायला हरकत नाही.

अभ्यास : ५४ सभागृहे आणि एक आकडा

बेरानेक यांनी आधी जगभरातल्या ५४ संगीत-सभागृहांची आणि ऑपेरागृहांची मोजमापे गोळा केली. नामवंत वाद्यवृंद-संचालक आणि समीक्षकांना त्या जागांबद्दल विचारले आणि उत्तरे मोजमापांशी ताडून पाहिली. त्यात सर्वांत वर व्हिएन्नाचे म्युझिकफेराइन (१८७०), ॲम्स्टरडॅमचे कॉन्सर्टखेबाऊ (१८८८) आणि बोस्टनचा सिंफनी हॉल (१९००) होते. तिन्ही आयताकार, उंच छताची, बुटांच्या खोक्याच्या घाटाची. बोस्टनचे ध्वनिशास्त्र वॉलेस सेबाइन यांचे. निनादकाळाचे सूत्र त्यांनीच मांडले : घनमीटरमधल्या घनफळाला ०.१६१ ने गुणायचे आणि चौरस मीटरमधल्या एकूण शोषणाने, म्हणजे आसने, माणसे, भिंती मिळून आवाज गिळणाऱ्या क्षेत्रफळाने, भागायचे, उत्तर सेकंदांत येते. निनादकाळ म्हणजे आवाज थांबल्यावर त्याची पातळी ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ. सिंफनीसाठी तो १.८ ते २.१ सेकंद असावा, यावर साधारण एकमत आहे.

पण निनादकाळ सारखा असलेली दोन सभागृहे कानाला सारखी लागत नाहीत. यामागे मंचावरून थेट आलेला आवाज आणि पहिले परावर्तन यांच्यातले अंतर आहे, असे बेरानेक यांच्या लक्षात आले. चांगल्या सभागृहांत ते अंतर साधारण २० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून कमी असे. एवढ्यात पोचलेले परावर्तन कानाला वेगळे ऐकू येत नाही, मूळ सुरातच मिसळते आणि श्रोत्याला आपण वाद्यांच्या जवळ बसलो आहोत असे वाटते. निष्कर्ष खरा होता. घोटाळा तो आकडा गाठायच्या वाटेत झाला.

आसने वाढली, घाट बदलला

पहिला आराखडा बोस्टनच्या वळणाचा होता : समांतर भिंती, आयताकार दालन, सुमारे २,४०० आसने. मग आसने वाढवण्याचा दबाव आला. अखेरची संख्या २,६४६ झाली. त्यासाठी बाजूच्या भिंतींना बाक दिला गेला आणि सज्ज्यांची मांडणी बदलली. खर्चाच्या कपातीत भिंती आणि सज्ज्यांवरचे उंचसखल काम, म्हणजे आवाज विखुरणारी नक्षी, बरीचशी गेली. जुन्या सभागृहांतले पुतळे, कोनाडे आणि चौकटी यांना आपण सजावट समजतो. तिथे ती ध्वनिशास्त्राची अर्धी कामगिरी बजावत असते.

इथे एक शंका हमखास निघते. बोस्टनमध्येही २,६२५ आसने आहेत, मग २,६४६ मध्ये काय बिघडले? बोस्टनची आसने १९००च्या मापाची आहेत, अरुंद आणि दाटीची. श्रोत्यांचे शोषण डोकी मोजून ठरत नाही, त्यांनी व्यापलेल्या क्षेत्रफळावर ठरते, हे बेरानेक यांनीच दाखवून दिले होते. आधुनिक, ऐसपैस आसने त्याच संख्येला जास्त जमीन खातात. जमीन वाढली की दालन रुंद किंवा लांब करावे लागते.

याचा फटका निनादकाळात फारसा दिसत नाही, हेच घातक. ढोबळ हिशेब करू. २४,००० घनमीटरच्या दालनात २ सेकंद निनादकाळ हवा तर एकूण शोषण सुमारे १,९३० चौरस मीटर लागते. २५० आसने वाढवली, प्रत्येकी ०.६५ चौरस मीटर जागा आणि तिच्यावर पडणाऱ्या आवाजाचे सुमारे ८६ टक्के शोषण धरले, तर शोषणात सुमारे १४० चौरस मीटरची भर पडते. निनादकाळ २.० वरून १.८७ होतो. कुणीही अभियंता अहवालात हा आकडा मान्य करील.

रुंदीचा हिशेब करून पाहा. श्रोता मध्यरेषेवर, वादकापासून २० मीटरवर बसला आहे. दालन २० मीटर रुंद असेल तर बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज २८.३ मीटर चालतो, म्हणजे थेट आवाजापेक्षा ८.३ मीटर जास्त. ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, तेव्हा उशीर होतो २४ मिलिसेकंदांचा. तेच दालन २७ मीटर रुंद केले तर उशीर ४० मिलिसेकंदांवर जातो. निनादकाळाच्या तक्त्यात हा बदल कुठेच उमटत नाही.

ढग

भिंतींकडून लवकर परावर्तन मिळेना, तेव्हा ते छताकडून मिळवायचे ठरले. मंचावर आणि प्रेक्षागृहाच्या पुढच्या भागावर शंभराहून अधिक षट्कोनी फलक टांगले गेले. त्यांना सगळे ‘ढग’ म्हणत. जमिनीपासून ९ मीटरवर फलक असेल तर मघाच्या हिशेबातल्याच श्रोत्याला त्याच्याकडून आवाज थेट आवाजानंतर सुमारे १६ मिलिसेकंदांनी पोचतो (कान आणि वाद्य जमिनीपासून सव्वा मीटरवर धरून). अभ्यासातून निघालेली अट कागदावर पुरी झाली.

फलकाचे एक बंधन आहे : त्याच्या आकारापेक्षा मोठ्या तरंगलांबीचा आवाज तो नीट परतवू शकत नाही. १,००० हर्ट्झची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, तिला दोन मीटरचा फलक भिंतीसारखा. १०० हर्ट्झची तरंगलांबी ३.४ मीटर, ती फलकाला वळसा घालून वर निघून जाते. फलकांच्या समूहाकडून थोडा मंद्र आवाज परततो, पण किती हे फलकांमधल्या फटींवर अवलंबून असते आणि इथे फटी भरपूर होत्या. म्हणजे ढगांनी व्हायोलिने आणि बासऱ्या खाली पाठवल्या, चेलो आणि डबलबास वर पोकळीत सोडून दिले.

२३ सप्टेंबर १९६२ रोजी लिओनर्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली उद्घाटन झाले. कार्यक्रम देशभर दूरचित्रवाणीवर गेला. तक्रारी लगोलग सुरू झाल्या : खर्ज नाही, आवाज कोरडा आणि टोकदार, मागच्या भिंतीवरून प्रतिध्वनी येतो, वादकांना एकमेकांचे ऐकू येत नाही. क्लीव्हलँड वाद्यवृंदाचे संचालक जॉर्ज सेल यांनी तर उघडपणे टीका केली.

निदान

बेल लॅबोरेटरीजचे मानफ्रेड श्रोडर आणि त्यांचे सहकारी तपासणीला आले. संगणकाने तयार केलेले छोटे ध्वनिस्पंद दालनात सोडून प्रत्येक कंप्रतेचा आवाज किती आणि केव्हा पोचतो हे त्यांनी नोंदवले. आजच्या आवेग-प्रतिसाद मापनाच्या, म्हणजे क्षणभराच्या आवाजाला दालन कसे उत्तर देते ते नोंदवण्याच्या, दिशेने टाकलेली ही मोठी पावले होती. पहिल्या काही मिलिसेकंदांत पोचणाऱ्या आवाजात मंद्र भाग फार कमी होता, हे त्यात स्पष्ट झाले.

याच तपासात आणखी एक गोष्ट हाती लागली, जी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. आसनांच्या रांगांवरून जवळजवळ आडवा सरपटत जाणारा आवाज १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात दहा-पंधरा डेसिबलने, कधी त्याहूनही जास्त, खचतो. दोन रांगांमधली पोकळी त्या कंप्रतांना अनुनादाने गिळते. १०० हर्ट्झच्या तरंगलांबीचा चौथा भाग ८६ सेंटिमीटर होतो, म्हणजे जवळपास आसनाच्या पाठीएवढा. बेल लॅबोरेटरीजच्या गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी, तसेच बेरानेक यांच्याच संस्थेतल्या शुल्ट्झ आणि वॉटर्स यांनी १९६४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चेलोच्या मधल्या दोन तारा ९८ आणि १४७ हर्ट्झला लागतात. पूर्ण चेलो-विभाग या खड्ड्यात सापडत होता.

हा खड्डा बोस्टनमध्येही असतो, व्हिएन्नातही असतो. तिथे तो जाणवत नाही, कारण सलग, भरीव छत आणि जवळच्या उंच भिंती मंद्र आवाज दुसऱ्या वाटेने श्रोत्यापर्यंत आणून ती तूट भरतात. न्यूयॉर्कमध्ये छताची वाट ढगांनी चाळणीसारखी केली होती आणि भिंती बाक देऊन दूर गेल्या होत्या. खड्डा उघडा पडला.

तिसरे कारण दिशेचे. १९६७ मध्ये हॅरल्ड मार्शल यांनी आणि त्यानंतर मायकेल बॅरन यांनी दाखवले, की लवकर येणारे परावर्तन बाजूने यायला हवे. बाजूने आलेला आवाज दोन्ही कानांत किंचित वेगळा पोचतो आणि श्रोत्याला आपण संगीताने वेढले गेल्याचा अनुभव मिळतो. वरून आलेला आवाज दोन्ही कानांत सारखाच पोचतो. तो स्पष्टता वाढवतो, वेढत नाही. बेरानेक यांनी अभ्यासलेल्या अरुंद सभागृहांत पहिले परावर्तन बाजूने येत होते, पण मिलिसेकंदांत मोजलेल्या आकड्यात दिशा नव्हती. नव्या सभागृहाने आकडा गाठला, दिशा गमावली आणि खर्जही.

प्रतिध्वनीचा खुलासा सोपा आहे. मागची भिंत ३० मीटरवर असेल तर मंचाजवळच्या माणसाला तिच्यावरून परतलेला आवाज १७५ मिलिसेकंदांनी येतो. ५० मिलिसेकंदांपलीकडचा जोरकस आवाज कान वेगळा मोजतो. मधल्या काळात भिंतींकडून पुरेसा निनाद आला असता तर तो झाकला गेला असता.

ठिगळे

पुढच्या काही वर्षांत हाइनरिश काइलहोल्त्झ आदी तज्ज्ञांच्या सल्ल्याने सुधारणांच्या फेऱ्या झाल्या. ढग वर घेतले, फटी बुजवल्या, मागच्या भिंतीवर शोषक लावले, शेवटी ढग काढून छत बंद केले, भिंतींवर लाकडी काम केले. प्रत्येक फेरीत थोडा फरक पडला. पण प्रतिध्वनीसाठी लावलेला शोषक निनादही खातो, आणि वादकांसाठी मंचाभोवती उभारलेले कवच आवाज मंचावरच कोंडते. घाट चुकला असेल तर एकेका दोषावरचा इलाज दुसरा दोष जन्माला घालतो.

त्याच काळात बर्लिनमध्ये हान्स शारून यांचे फिलहार्मोनी उभे राहिले. ऑक्टोबर १९६३ मध्ये ते उघडले. ध्वनिसल्लागार लोथार क्रेमर. तिथेही मंचावर फलक टांगलेले आहेत आणि दालन तर खोक्यापेक्षा कितीतरी रुंद आहे. फरक असा, की श्रोत्यांचे गट डोंगरउतारावरच्या द्राक्षमळ्यांसारखे वेगवेगळ्या पातळ्यांवर बसवले आहेत आणि प्रत्येक गटाची दर्शनी भिंत खालच्या गटाला जवळून, बाजूने परावर्तन देते. रुंदी घेतली तर बाजूच्या भिंती दालनाच्या आत उभाराव्या लागतात, एवढे गणित तिथे पाळले गेले.

दुसरे सभागृह, १९७६

ध्वनी-उपकरणांचे उद्योजक एव्हरी फिशर यांनी १९७३ मध्ये १ कोटी ५ लाख डॉलर दिले. त्यानंतर आतला भाग सांगाड्यापर्यंत उखडला गेला. ध्वनिशास्त्र सिरिल हॅरिस यांचे, वास्तुरचना फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी यांची. आयताकार घाट परत आला, छत जाड प्लास्टरचे झाले आणि उंचसखल केले गेले, सज्ज्यांच्या कडा विखुरणाऱ्या झाल्या. प्रतिध्वनी गेला. सुरुवातीला कौतुकही झाले.

मात्र आसने घटली नाहीत, उलट २,७०० च्या पुढे गेली. दालन लांबच राहिले आणि मंच दर्शनी कमानीमागे एका टोकाला, खोलीतून बाहेर काढल्यासारखा. मागच्या श्रोत्याला वाद्यवृंद दूरच्या खिडकीतून ऐकल्यासारखा वाटे. वादकांची तक्रार जुनीच होती. १९९२ मध्ये रसेल जॉन्सन यांच्या सल्ल्याने मंचाभोवती फुगीर लाकडी परावर्तक बसवले गेले, तेवढ्याने वादकांना थोडा दिलासा मिळाला. २००३ मध्ये फिलहार्मोनिकने कार्नेगी हॉलमध्ये विलीन होऊन परत जायची घोषणा केली. काही महिन्यांतच ती बोलणी फिसकटली.

तिसरे सभागृह, २०२२

२०१५ मध्ये मनोरंजन-उद्योजक डेव्हिड गेफेन यांनी १० कोटी डॉलर दिले. त्याआधी फिशर कुटुंबाला नावावरचा हक्क सोडण्यासाठी १ कोटी ५० लाख डॉलर द्यावे लागले होते. नंतर बऱ्याच आराखड्यांची ये-जा झाली. अखेरच्या चमूत प्रेक्षागृहासाठी डायमंड श्मिट, सार्वजनिक दालनांसाठी टॉड विल्यम्स आणि बिली त्सिएन, ध्वनिशास्त्रासाठी अकूस्टिक्स ही संस्था आणि रंगमंच-रचनेसाठी फिशर डॅक्स होते. कोविडच्या साथीच्या काळात कार्यक्रम बंदच होते. ती संधी साधून काम एकसलग केले गेले आणि ठरल्यापेक्षा सुमारे दोन वर्षे आधी, ८ ऑक्टोबर २०२२ रोजी सभागृह उघडले. खर्च ५५ कोटी डॉलर. उद्घाटनाच्या रचनेचा विषय होता सॅन हुआन हिल, ती पुसली गेलेली वस्ती. संगीतकार एटिएन चार्ल्स.

बदलांची यादी मोठी आहे, पण भार चार गोष्टींवर आहे. पहिली, आसने ५०० हून अधिक कमी करून सुमारे २,२०० वर आणली. संख्या १९६२च्याही खाली गेली आणि माझ्या मते बाकीचे सगळे शक्य झाले ते यामुळेच. दुसरी, दर्शनी कमान काढून मंच २५ फूट पुढे आणला आणि त्याच्या मागे-बाजूलाही श्रोते बसवले. वाद्यवृंद आणि श्रोते एकाच खोलीत आले. तिसरी, तळमजल्याचा उतार जास्त केला. त्याने दृष्टी मोकळी होते आणि थेट आवाज रांगांवरून सरपटण्याऐवजी वरून कोन करून येतो. आसनांच्या खड्ड्यावर हा पूर्ण इलाज नाही, पण मधल्या आणि वरच्या सुरांची स्पष्टता वाढते. चौथी, भिंतींना बीचच्या लाकडाचे नागमोडी फलक लावले. लाकडाच्या नावाने भुलू नये : पोकळीवर ठोकलेला पातळ लाकडी तक्ता स्वतःच कंप पावून खर्ज खातो. भिंतीचे लाकूड मागच्या जड बांधकामाला घट्ट बसलेले असावे लागते. आवाज विखुरायचे काम नागमोडी घडणीचे, उबदार सूर लाकडाच्या रंगातून येत नाही.

मंचावरचे छत्र हलते ठेवले आहे आणि ध्वनिवर्धकाच्या कार्यक्रमांसाठी पडदे सरकवून निनाद कमी करता येतो. उद्घाटनाआधी वाद्यवृंद बसवून दालन जुळवले गेले. हे काम कागदावर होत नाही. छत्र खाली घेतले की वादकांना एकमेकांचे लवकर ऐकू येते, पण वरच्या हवेतला निनाद त्यांच्यापासून तुटतो. वर घेतले की उलट. कोणत्या रचनेला ते किती उंचीवर ठेवायचे, हे ऐकून ठरते.

समीक्षकांचा कौल मोठ्या सुधारणेच्या बाजूने पडला. आवाज स्वच्छ आणि जवळचा झाला, यावर फारसा वाद नाही. व्हिएन्ना-बोस्टनची ऊब आली का, यावर मतभेद आहेत. बाहेरचा घेर जुन्या खांबांनी बांधलेला असल्याने दालन मनाजोगते उंच किंवा अरुंद करायला वाव नव्हता, हे त्या चर्चेत विसरले जाते.

अशा कामात कागदपत्रे तपासताना

या प्रकरणावरून आराखडे तपासायची एक रीत हाती लागते. निनादकाळाचा तक्ता शेवटी पाहावा. आधी आसनसंख्येचा कागद मागवावा आणि त्यावरची तारीख ध्वनिअहवालाच्या तारखेशी ताडावी. आसने अहवालानंतर वाढली असतील तर तो अहवाल दुसऱ्याच इमारतीचा समजावा. मग मध्यरेषेवरच्या तीन आसनांसाठी, पुढच्या, मधल्या आणि शेवटच्या, बाजूच्या भिंतीवरून येणाऱ्या परावर्तनाचा उशीर वर दाखवल्याप्रमाणे हातानेच काढावा. हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे. छताखाली काही टांगायचे असेल तर फलकाचे माप आणि फटीचे प्रमाण विचारावे आणि १२५ हर्ट्झला काय होते ते वेगळे मागावे, सरासरीत गुंडाळलेले नको. एकास दहा प्रमाणाची प्रतिकृती करून दहापट कंप्रतेवर चाचणी घेणे खर्चिक वाटते, पण बांधलेली भिंत हलवण्याच्या मानाने स्वस्त. प्रतिकृतीत हवा कोरडी करावी लागते किंवा नायट्रोजन भरावा लागतो, नाहीतर हवेतली आर्द्रता उच्च कंप्रता खाऊन निकाल फसवे करते. आणि खर्चकपातीची यादी येते तेव्हा त्यात ‘सजावट’ या शीर्षकाखाली काय काय गेले आहे, ते ध्वनिसल्लागाराला दाखवल्याशिवाय सही करू नये.

बेरानेक यांनी न्यूयॉर्कनंतरही सभागृहांचा अभ्यास सोडला नाही. त्यांची यादी पुढे शंभर सभागृहांपर्यंत गेली. १९९७ मध्ये उघडलेल्या टोक्यो ऑपेरा सिटीच्या संगीत-सभागृहाचे ध्वनिसल्लागार तेच होते. तिथे प्रतिकृती करून चाचण्या झाल्या, तळाचा घाट आयताकार ठेवला आणि आसने १,६३२ वर थांबवली.